बड्या बाजारातली पोरे कोणाच्या हवाली केलीत?

झाशीच्या किल्ल्यात तीन समाध्या आहेत. गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई. पहिले दोघे राणीच्या फौजेतले, तोफेशी इमान राखून मेलेले. तिसरी मोतीबाई ही, झाशीची परंपरा सांगते त्याप्रमाणे, गंगाधरराव नेवाळकरांच्या नाटकशाळेतली नटी. राजा नाटकवेडा होता. त्याने पदरी नट-नट्या बाळगल्या, गावात नाटकशाळा चालवली. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी राजा गेला, १८५४ साली डलहौसीने संस्थान घशात घातले आणि १८५८च्या वेढ्यात नाटकशाळेतली बाई पठाण गोलंदाजाच्या बरोबरीने मरणाला सामोरी गेली. मराठी राणी, मुसलमान तोपची आणि रंगमंचावरून उतरून लढायला गेलेली नटी, हे या शहराचे गोत्र आहे.

त्याच किल्ल्याखाली, मुरलीमनोहराच्या देवळाला वेढून असलेल्या बड्या बाजारात आज सोळा-सतरा वर्षांचा पोरगा रात्री कोणाबरोबर बसतो, काय ऐकतो, काय पाहतो आणि कोणाच्या इशाऱ्यावर उठतो, हे त्याच्या बापाला ठाऊक नाही, मास्तरला ठाऊक नाही, नगरसेवकाला ठाऊक नाही. ज्याला ते नेमके ठाऊक आहे तो मनुष्य त्या पोराचे भले इच्छीत नाही! शटर खाली आले की दुकानांच्या पायऱ्यांवर पोरे गोळा होतात. एका फोनभोवती सात माना वाकतात. कुठल्या तरी दूरच्या गावातली, कुठल्या तरी जुन्या वर्षातली मारहाणीची चित्रफीत चालू असते, तिच्यावर कोणीतरी आजची तारीख आणि शेजारच्या मोहल्ल्याचे नाव चिकटवलेले असते. सातांपैकी एखाद्याला शंका येते. ती तो गिळून टाकतो, कारण सात जणांत एकट्याने ‘हे खोटे वाटते’ म्हणायची छाती त्याला कोणी दिलेलीच नाही.

आमचे सारे म्हणणे त्या गिळलेल्या शंकेपाशी आहे.

पोरांची माथी भडकतात ती ग्रंथ वाचून नव्हे. तत्त्वज्ञान मागाहून येते, आधी येते ती टोळी. टोळीत जागा मिळते, टोपणनाव मिळते, काम मिळते, कोणीतरी खांद्यावर हात ठेवतो. आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली जाते: सगळ्यांनी हो म्हटले की तूही हो म्हण. पोरगा रोज हो म्हणतो. घोषणेला हो, फॉरवर्डला हो, मिरवणुकीला हो, दगडाला हो. या होकाराची तालीम त्याच्याकडून पद्धतशीर, न चुकता, वर्षानुवर्षे करून घेतली जाते. नकाराची तालीम मात्र या देशात त्याला कोणी दिली? शाळेने? शाळेत प्रश्न विचारणारा पोरगा आगाऊ ठरतो. घराने? घरी उलट बोलणारा उद्धट ठरतो. सरकारने? सरकारला प्रश्न विचारणाऱ्या पोराचे काय होते, ते पुढे सांगतो.

ज्यांना हे अतिशयोक्त वाटते त्यांनी महाराष्ट्राकडे पाहावे. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर इराकला गेले आणि तिथून इसिसच्या वाटेला लागले. अडाणी होते काय? नाही. त्यांतले बहुतेक अभियांत्रिकीच्या वर्गात बसलेले. पदवीचे भेंडोळे त्यांना वाचवू शकले नाही. त्याच्या पुढच्याच महिन्यात, २ जून २०१४ रोजी, पुण्यात हडपसरला फेसबुकवरच्या एका मजकुराचे निमित्त करून जमावाने नमाज पढून परतणाऱ्या एका तरुण अभियंत्याला मारून टाकले. त्या मजकुराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. मारणारेही तरुणच होते. जानेवारी २०२३ मध्ये त्या खटल्यातले सगळे आरोपी निर्दोष सुटले. म्हणजे एक माणूस भर रस्त्यात मेला आणि कायद्याच्या लेखी त्याला कोणीच मारले नाही! जून २०२३ मध्ये कोल्हापूर, शाहू महाराजांचे कोल्हापूर, मोबाइलवरच्या स्टेटसवरून पेटले आणि त्या प्रकरणात अल्पवयीन मुलेसुद्धा निघाली.

आणि २० ऑगस्ट २०१३. पुण्याच्या ओंकारेश्वर पुलावर सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या. खटल्याचा निकाल लागायला जवळपास अकरा वर्षे गेली. १० मे २०२४ रोजी विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली. औरंगाबादकडचे साधेसुधे, कामधंदा करणारे तरुण होते ते. पण न्यायालयाने आणखी एक गोष्ट नोंदवली आणि ती प्रत्येक आईबापाने घराच्या दारावर लिहून ठेवावी इतकी भयंकर आहे: गोळ्या झाडणारे हे दोघे सूत्रधार नव्हेत, सूत्रधार दुसरेच कोणी आहेत आणि त्यांचा छडा तपास यंत्रणांना लागला नाही. पोरे जन्मभर तुरुंगात. त्यांचा मेंदू ज्याने घडवला तो मोकळा. त्या सूत्रधाराच्या हाताखाली आज आणखी किती पोरे होकाराची तालीम करीत असतील, याचा विचार करून ज्याची झोप उडत नाही त्याने तरुणांच्या काळजीची भाषणे करू नयेत.

झेंड्याच्या रंगावरून आम्ही माप बदलणार नाही. हिरव्याच्या पोराला अतिरेकी आणि भगव्याच्या पोराला भरकटलेला म्हणणारे, किंवा याच्या नेमके उलट म्हणणारे, दोघेही त्या सूत्रधाराची चाकरी करतात. गडचिरोलीच्या रानात ज्या कोवळ्या आदिवासी पोरांच्या हाती क्रांतीच्या नावाने बंदूक दिली गेली, त्यांचा हिशेबही याच वहीत आहे. पोर कोणाचेही असो, ते मेले की त्याच्या घरची चूल विझते आणि त्याला पाठवणाऱ्याच्या घरी नवा पोरगा येऊन बसतो.

मग राज्यकर्ते काय करतात? ते साप साप म्हणून भुई धोपटतात. कायद्यावर कायदा. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. पोलिसांच्या हातात आणखी एक दांडका आला. दांडका पोराच्या पाठीत बसतो, डोक्यात शिरत नाही. त्याच पोलीस खात्यातल्या काही शहाण्या अधिकाऱ्यांना हे कळले होते. म्हणून दहशतवादविरोधी पथकाने वाट चुकू लागलेल्या काही मुलांना अटक करण्याऐवजी घरच्यांसमोर बसवून समजावले आणि परत आणले. ते योग्यच झाले. पण पोलीस दारात येईपर्यंत थांबायचे, हा कुठला न्याय? आजार तिसऱ्या अवस्थेत गेल्यावरच औषधाचा शोध घेणारा वैद्य आणि आपली शासनयंत्रणा यांत फरक तो काय?

आणि ज्यांनी पोरांच्या हाती दगडाऐवजी डफ दिला, त्यांची कथा ऐका. पुण्यातल्या कबीर कला मंचाची दलित, कष्टकरी वस्त्यांतली तरुण मुले गाणी आणि पथनाट्ये करीत. नक्षलवादाचा आरोप आला, २०११मध्ये अटका झाल्या. जानेवारी २०१३ मध्ये त्यांतल्या काहींना जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाला हे बजावावे लागले, की समाजातल्या अन्यायावर बोलणारा माणूस तेवढ्यावरून बंदी घातलेल्या संघटनेचा सदस्य ठरत नाही. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. त्यांचे प्रत्येक गाणे आम्हाला पटते असे नाही. पटायची गरजही नाही. खटल्याचा निवाडा न्यायालयांनी करावा. पण वस्तीतल्या पोराला यातून कोणता धडा मिळाला? चौकात उभे राहून मोठ्याने बोललास तर पोलीस येतील. अंधारात कुजबुजलास तर कोणी येणार नाही. सरकारने स्वतः पोरांना अंधाराची वाट दाखवली!

महाराष्ट्रात आजही नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचा दाखला लागतो. १८७६चा इंग्रजांचा नाट्यप्रयोग कायदा केंद्राने आत्ताआत्ता, २०१८ साली, पुस्तकातून काढला. एक पान संवाद बोलायला कागद हवा, आणि रात्री दोन वाजता हजार फोनांवर विष ओतायला कशाचाच कागद नको. मिरवणुकीत दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळासमोर गाडी थांबवून, भिंती हादरतील इतक्या आवाजात शिवीगाळीची गाणी लावायलाही कागद नको. हे राज्य शब्दाला भिते आणि गोंगाटाला अभय देते.

आता कोणी म्हणेल, रंगभूमीचे एवढे स्तोम कशाला? नाटक म्हणजे पुण्याई नव्हे. खरे आहे, आणि मराठी माणसाला हे इतर कोणापेक्षा जास्त ठाऊक असले पाहिजे. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत दंगल झाली, पुढच्या वर्षी पुण्यात गणेशोत्सव सार्वजनिक झाला आणि मेळे निघाले. शिस्तीत चालणारी, एका सुरात गाणारी तरुण मुले. त्यांच्या तोंडी जी पदे घातली गेली त्यांत हिंदूंनी मोहरमच्या ताबुतांकडे फिरकू नये असे बजावणारी पदे होती. त्याआधी पुण्याचे हिंदू ताबुतांत हौसेने नाचत. काही आठवड्यांच्या गाण्यांनी पिढ्यांचा शेजार तोडला. हे आमच्या पूर्वजांनी केले आणि ते लपवणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. पुढे २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे या मुलाने गोळ्या झाडल्या. अठरा वर्षेही त्याला पुरी झाली नव्हती. १९ एप्रिल १९१० रोजी तो ठाण्यात फासावर गेला. परक्या सत्तेशी लढताना मेलेल्या त्या हुतात्म्याला आजच्या भाडोत्री टोळक्यांच्या पंगतीत बसवण्याचे पाप आम्ही करणार नाही. पण सतरा वर्षांचा पोरगा एखाद्या गोष्टीसाठी जीव द्यायला किती सहज तयार होतो, ते त्या नाट्यगृहाने दाखवले. तारुण्याची ही देण्याची तयारी कधीच संपत नाही. प्रश्न फक्त ती कोण उचलून नेतो एवढाच असतो.

मेळ्यात संवाद वरून आले आणि पोरांनी ते म्हटले. तिथे कोणी हात वर करून ‘थांबा’ म्हणू शकत नव्हते. असे नाटक म्हणजे होकाराचीच आणखी एक तालीम, आणि तिला आमचा विरोध आहे. आम्हाला हवे आहे ते दुसऱ्या घराण्याचे नाटक, आणि तेही मराठीच आहे.

१८५५ साली, म्हणजे झाशी खालसा झाल्याच्या दुसऱ्या वर्षी, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले. कुणब्याच्या गरोदर बायकोला जोशी ग्रहांची भीती घालून लुबाडतो. आणि विदूषक मध्येमध्ये घुसून ती लबाडी प्रेक्षकांपुढे उघडी पाडतो, प्रश्न विचारतो, कोणाचे काय चुकते ते सांगतो. शेवटी ते अडाणी जोडपे काय करते? जोशाला बडवत नाही. त्याचे घर जाळत नाही. रात्रीच्या शाळेत नाव घालायला निघते! त्याच वर्षी जोतीरावांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळाही काढली. नाटक आणि शाळा, दोन्ही एका माणसाच्या दोन हातांत. आज परिषदांमधून अनौपचारिक शिक्षण आणि सहभागी रंगभूमी म्हणून जे मांडले जाते ते सारे त्या नाटकात आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले आणि छापील रूपात ते लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडले. सव्वाशे वर्षे आम्ही आमचे औषध आमच्याच कपाटात कुलूपबंद ठेवले.

४ जून १९४१ रोजी पुण्यात एस. एम. जोशी आणि त्यांच्या सोबत्यांनी राष्ट्र सेवा दल उभे केले, ते का? धर्माच्या नावाने पोरांना मैदानावर गोळा करणाऱ्या संघटना जोरात होत्या. नुसता निषेध करून पोरे परत येणार नव्हती. त्यांना खेळ हवा होता, गाणे हवे होते, मित्र हवे होते. ते सेवा दलाने दिले, जातधर्म न विचारता दिले. त्याच्या कलापथकात वसंत बापटांनी गाणी लिहिली, पु. ल. देशपांड्यांनी ‘पुढारी पाहिजे’ दिले. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके तिथे तयार झाले. माळीकाम करणारा, केशकर्तनालयात राबणारा, गिरणगावात वाढलेला मुलगा तिथे समाजाला प्रश्न विचारायला शिकला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. आज त्या वयाच्या, त्या घरांतल्या पोरांसाठी कोणते पथक उभे आहे? गावोगाव कोणते मैदान उघडे आहे? जे उघडे आहे ते कोणाचे आहे, ते सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे मूग गिळून बसले आहेत.

झाशीलाही ही परंपरा परकी नाही. काकोरीनंतर पोलिसांनी देश पालथा घातला तेव्हा चंद्रशेखर आझाद या भागात लपले. ओरछ्याजवळ सातार नदीकाठी हरिशंकर ब्रह्मचारी हे नाव घेऊन राहिले, आणि तिथे त्यांनी काय केले? ढिमरपुऱ्यातल्या पोरांना अक्षरे शिकवली. झाशीत त्यांना घर दिले ते मास्टर रुद्रनारायण या कला शिकवणाऱ्या शिक्षकाने. त्यांच्या भोवती झाशीची जी तरुण मुले जमली त्यांत विश्वनाथ वैशंपायन आणि सदाशिवराव मलकापूरकर ही दोन मराठी नावे ठळक आहेत. भगवानदास माहौर हे तिसरे. मलकापूरकर आणि माहौर १९२९ साली भुसावळला पकडले गेले. जळगावच्या कोर्टात माहौरांनी माफीच्या साक्षीदारावर गोळी झाडली. जन्मठेप भोगून बाहेर आल्यावर त्याच माहौरांनी १८५७च्या लढ्याचा हिंदी साहित्यावरचा परिणाम या विषयावर प्रबंध लिहिला. ज्या हाताने पिस्तूल धरले त्याच हाताला पुढे लेखणी चालवता आली, कारण त्या मंडळींना पिस्तुलाच्या आधीपासून पुस्तके, गाणी, वादविवाद यांची सोबत होती. चित्रकलेचा एक शिक्षक, एक व्यायामशाळा, थोडी पुस्तके. एवढ्या भांडवलावर या शहराने माणसे घडवली. आज बड्या बाजारात असा एक शिक्षक, अशी एक खोली दाखवा!

तेव्हा आता प्रत्यक्ष काय ते बोलू. ब्राझीलचा नाटककार ऑगस्तो बोआल, ज्याला १९७१मध्ये लष्करी राजवटीने तुरुंगात टाकून छळले, त्याने एक साधी युक्ती जगाला दिली. नाटक दाखवायचे, ते वाईट शेवटापर्यंत न्यायचे. मग तेच पुन्हा सुरू करायचे, आणि या वेळी कोणीही प्रेक्षक ‘थांब’ म्हणून उठू शकतो, पात्राच्या जागी उभा राहून वेगळे वागून दाखवू शकतो. बंगालात, १९८५ साली सुरू झालेल्या संजय गांगुलींच्या जन संस्कृतीने सुंदरबनच्या खेड्यापाड्यांत हे रुजवले. बड्या बाजारात ते कसे दिसेल? रात्री नऊला दुकाने बंद झाली, रस्त्यात खडूने एक रिंगण आखले, पडदा नाही, दिवे नाहीत, तिकीट नाही. धाकटा भाऊ फोन घेऊन धावत येतो: आपल्या माणसाला त्या मोहल्ल्यातल्यांनी मारले. थोरला उठतो. आई दार अडवते, तो तिला बाजूला करतो. दारात मित्र उभा आहे, तो म्हणतो, येतोस की बांगड्या भरतोस? गर्दी निघते. शटर फुटते. ते दुकान थोरल्याच्याच वर्गमित्राच्या बापाचे निघते. खेळ संपला, नाटकाचा सूत्रधार रिंगणात येतो आणि विचारतो, हे कुठे थांबवता आले असते?

पहिल्यांदा सगळे गप्प बसतात. मग एखादी मुलगी उठते, म्हणते आईच्या जागी मी. ती दार अडवते, किंचाळते, तरी थोरला तिला ढकलून जातो. नाही जमले. एक हातगाडीवाला उठतो, थोरला होतो आणि विचारतो, चित्रफीत कधीची आहे रे? कोणी पाठवली? धाकट्याला उत्तर देता येत नाही. पण मित्र ‘बांगड्या’ म्हणताच हातगाडीवाल्याची जीभही अडखळते, गर्दी हसते आणि तोही हरतो. तिथेच सगळ्यांना कळते, की गाठ नेमकी कुठे आहे. आईच्या अश्रूंत नाही, चित्रफितीच्या तारखेत नाही. मित्रासमोर भित्रा ठरण्याच्या भयात आहे. तिसरा उठतो, चौथा उठतो. कोणी मित्रालाच घट्ट मिठी मारतो, कोणी ‘हो, भरतो बांगड्या, माझी आईही भरते’ म्हणतो, आणि रिंगणात टाळी पडते. उद्या खऱ्या रात्री खरा फोन वाजला तर त्या पोराच्या तोंडात एक वाक्य तयार असेल. ते त्याला कोणी पढवलेले नसेल. ते त्याने साऱ्या गल्लीसमोर स्वतः शोधलेले असेल. नकाराची तालीम म्हणतो ती ही.

महाराष्ट्रात हे झाले आहे. दाभोलकरांचा खून पचवून अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी सूडाची भाषा केली नाही. अतुल पेठे यांच्यासारख्या रंगकर्मीने त्यांच्या शिबिरांतून रिंगणनाट्य उभे केले आणि गावोगावची साधी तरुण मुले चौकात, प्रेक्षकांच्या वेढ्यात उभी राहून विवेकावर बोलू लागली. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने वंचितांचा रंगमंच सुरू केला. वस्तीतल्या मुलांनी स्वतःच्या घरातले, नाक्यावरचे, शाळेतले प्रसंग स्वतः रचून सादर केले. मतकरींसारखा कसलेला नाटककार तिथे संवाद लिहून द्यायला बसला नाही, मुलांचे ऐकायला बसला. दाभोलकरांवरच्या गोळीला रिंगणनाट्याने दिले त्याहून निर्भय उत्तर आमच्या तरी पाहण्यात दुसरे नाही.

धोका आहे, हेही सांगतो. १ जानेवारी १९८९ रोजी याच उत्तर प्रदेशात, साहिबाबादजवळ झंडापूरला, ‘हल्ला बोल’ हे पथनाट्य चालू असताना गुंडांनी सफदर हाश्मींवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी ते गेले. आणि ४ जानेवारीला त्यांची पत्नी मलयश्री जन नाट्य मंचाच्या सोबत्यांना घेऊन त्याच जागी गेली व अर्धवट राहिलेला प्रयोग पुरा केला. गुंडांना नाटकाची ताकद समजली होती. आमच्या नगरपालिकांना, शिक्षण खात्यांना, मंडळांच्या अध्यक्षांना ती अजून समजलेली नाही.

म्हणे नाटकाने दंगली थांबतात काय! एकट्या नाटकाने नाही थांबत. पोराला काम हवे, न्याय हवा, खटले वर्षानुवर्षे न रखडता निकाली लागायला हवेत. पण गल्लीतली माणसे एकमेकांसमोर बसवली तर काय होते, त्याचा दाखला आहे. भिवंडी १९७० आणि १९८४ साली जळाली होती. १९८८नंतर सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने तिथे मोहल्ला समित्या बांधल्या. यंत्रमागवाले, दुकानदार, दोन्ही धर्मांचे शेजारी नियमित एकत्र बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबईत ९०० माणसे मारली गेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा आहे. तेव्हा मुंबईच्या उंबरठ्यावरची, साऱ्या देशाने जिच्या नावाने धसका घेतला होता ती भिवंडी शांत राहिली. ती समितीची बैठक प्रौढांची होती. तिच्यात पोरांना आणा, हातात डफ द्या, एवढेच आमचे मागणे.

सरकारला आमचे मागणे असे: खोली द्या, दिवाबत्ती द्या, शिकवणाऱ्यांना मानधन द्या आणि संहितेवरचा हात काढा. सरकारी घोषवाक्ये पोरांच्या तोंडी घालणारे पथनाट्य आम्हाला नको. ते पुन्हा होकाराचेच शिक्षण. शाळा सुटलेल्या पोरांसाठी रात्रीचा वर्ग भरवा, जिथे हजेरीपेक्षा प्रश्नाला किंमत असेल, जिथे बातमी कशी तपासायची, चित्रफितीचे मूळ कसे शोधायचे, हे शिकवले जाईल. त्यात मुली असल्याच पाहिजेत. दोन्ही मोहल्ल्यांची पोरे एकाच पथकात असलीच पाहिजेत. एका धर्माच्या पथकाने एकोप्याचे नाटक करणे ही शुद्ध फसवणूक आहे.

आणि पुढाऱ्यांनो, तुमच्यासाठी वेगळे सांगतो. मिरवणुकीत पुढे कोणाची पोरे असतात ते आम्ही पाहतो. गुन्हे कोणावर नोंदले जातात तेही पाहतो. तुमची मुले परदेशी विद्यापीठांत शिकतात आणि आमच्या गल्लीतल्या पोराच्या चारित्र्याच्या दाखल्यावर पोलिसी शेरा बसतो, मग त्याला नोकरी मिळत नाही, मग तो पुन्हा तुमच्याच दारात येतो. त्या आगीवर तुम्ही पोळी भाजून घेता. हा मनुष्यबळाचा व्यापार आहे आणि तुम्ही त्यातले व्यापारी आहात.

झाशीच्या मराठी मंडळींनाही दोन शब्द. नेवाळकरांच्या नाटकशाळेचे वारस म्हणून तुम्ही आम्ही मिरवतो. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली मनूची लक्ष्मीबाई झाली, तिथला उत्सव तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या राखला आहे. तेव्हा मागायचे ते आधी तुमच्याकडेच मागतो. येत्या गणेशोत्सवात दहांपैकी एक रात्र बड्या बाजारातल्या पोरांना द्या. ध्वनिक्षेपक बंद ठेवा. शेजारच्या मोहल्ल्यात स्वतः जाऊन तिथल्या आईबापांना पोरे पाठवायला सांगा. पत्रिका पाठवू नका, स्वतः जा. आखलेल्या रिंगणात तुमचा मुलगा आणि त्यांचा मुलगा एकत्र उभे करा, आणि त्यांनी काय बोलायचे ते त्यांचे त्यांना ठरवू द्या. तुम्ही खाली बसा आणि ऐका. तयारीला आजपासून लागा. सूत्रधार त्याच्या तयारीला केव्हाच लागलेला आहे.